दुपारच्या ताई

घराचं काम काढलं की ओळखीची सगळी माणसं रातोरात अनुभवी होतात. कुणाचा कॉन्ट्रॅक्टर अर्ध्या कामातून पळालेला असतो, कुणाच्या न्हाणीघराचं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येत असतं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याला लागलेल्या ठेचेवरून दुसऱ्याने शहाणं व्हावं. तिने आणि मास्तरांनी घर दुरुस्त करायला काढलं तेव्हाही हेच झालं. थोरल्या जाऊबाईंनी तर आधीच बजावलं, "कॉन्ट्रॅक्टर 'उद्या' म्हणाला की परवा समज, आणि 'झालंच' म्हणाला की अजून हातच लावलेला नाही असं समज."

मास्तर शाळेत खेळ शिकवायचे. उंची अशी की कुठल्याही दारातून आत येताना मान आपोआप खाली जायची. ती त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. लग्नात कुणीतरी 'शिडी आणि स्टूल' म्हणालं होतं, ते आजतागायत चिकटून राहिलं. ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. घरात स्वयंपाक मास्तरांचा. यात मोठं काही तत्त्व नव्हतं. तिच्या हाताला चव नव्हती आणि त्यांना खाण्याची हौस होती, म्हणून लग्न नवं असतानाच त्यांनी तिच्या हातातून झारा काढून घेतला तो कायमचाच. पण जुना ओटा इतका बुटका होता की कांदा चिरायचा तर मास्तरांची कंबर धनुष्य व्हायची. लेक लग्न होऊन दूर गेली, घर रिकामं वाटायला लागलं, आणि एक दिवस मास्तर कंबर धरून म्हणाले, "आता मला माझ्या उंचीचा ओटा पाहिजे. उरलेलं आयुष्य ताठ मानेने कांदे चिरीन म्हणतो."

कॉन्ट्रॅक्टर मिळाले ते ओळंबेकाका. त्यांचं खरं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. खिशात कायम ओळंबा असायचा, म्हणून ओळंबे. भिंत दिसली की दोरी सोडायची, खालचं वजन डुलायचं थांबेपर्यंत श्वास रोखायचा, आणि भिंत वाकडी निघाली की दुसऱ्याच्या मुलाचे मार्क कमी आल्यासारखा चेहरा खुलायचा. बोलायला लागले की थांबायचे नाहीत. आपण केलेलं प्रत्येक घर त्यांच्या मते त्या गल्लीतलं सगळ्यात चांगलं घर होतं. पण माणूस कामाला पक्का होता. त्यांनी मास्तरांना स्वयंपाकघरात उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि त्याच्या जरा खाली भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली.

"हा तुमचा ओटा, मास्तर. ताईंना मात्र स्टूल लागेल."

"तिला ओट्याकडे फिरकूच देत नाही मी," मास्तर म्हणाले.

काम चालू असेपर्यंत दोघं थोरल्या दिरांकडे राहायला गेली. किल्ली काकांकडे. सकाळी मास्तर शाळेत, ती दुकानात. संध्याकाळी दोघं जोडीने येऊन काम बघून जायची. जुना ओटा फुटला, जुन्या फरश्या निघाल्या, घरभर ओल्या सिमेंटचा थंड वास भरला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

एका संध्याकाळी ती आत शिरली तर बोळात, न्हाणीघरापर्यंत, भिंतीला लाकडाचा गोल दांडा बसवलेला. गुळगुळीत तासलेला, तिच्या कमरेच्या उंचीला.

"हे काय काका? टॉवेल वाळत घालायला?"

काका हसले. "तुम्ही म्हणालात तसाच केलाय. धरायला बरा. हलवून बघा, माणूस लोंबकळला तरी हलायचा नाही."

"मी कधी म्हणाले?"

"काल दुपारी नाही का!"

काल दुपारी ती दुकानात होती. एक आजोबा अक्षरांच्या पाटीसमोर बसून 'दिसतंय, दिसतंय' म्हणत सगळी अक्षरं चुकीची वाचत होते, ते तिला नीट आठवत होतं. पण काकांच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. मास्तर म्हणाले, "म्हातारपणाची सोय झाली असं समज. दांडाच आहे, खायला मागत नाही."

मग न्हाणीघराचं दार निघालं. चौकट रुंद झाली आणि दार आत उघडायचं ते बाहेर उघडायला लागलं. उंबरा गेला आणि त्या जागी हलका उतार आला. प्रत्येक वेळी काकांचं उत्तर एकच, "ताई, तुम्हीच सांगितलंत." तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात दोन घरांची कामं मिसळताहेत. जाऊबाईंनी लगेच निकाल दिला, "वाढीव काम दाखवायची ही युक्ती आहे. पण लक्ष कोण देतं!" तिने मनाला पटवलं की असेल तसंच काहीतरी.

ओट्याच्या वेळी मात्र कुणालाच काही पटवता येईना.

शनिवारची संध्याकाळ होती. मास्तर हौसेने पुढे गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. नवा ओटा तयार होता. काळा दगड, गोल कडा, सुरेख काम. पण जुन्या ओट्यापेक्षाही खाली. खालची सगळी जागा मोकळी सोडलेली, ना कप्पे, ना खण. भिंतीवरची पेन्सिलीची रेघ त्याच्या कितीतरी वर तशीच दिसत होती.

"काका," मास्तरांचा आवाज शाळेच्या मैदानावरचा झाला, "मी काय मांडी घालून कांदे चिरू?"

काकांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "मी विचारलं होतं ताईंना. दोनदा विचारलं. म्हटलं, मास्तरांच्या मापाची रेघ आहे. तर म्हणाल्या, रेघ राहू दे, ओटा खाली घ्या आणि खाली पाय जायला जागा ठेवा."

"मी इथे आलेलेच नाहीये!" ती ओरडली. "दुपारची मी कधी येणार? दुकान कोण सांभाळणार?"

"मग रोज येऊन बसतं कोण?" काकाही आता चिडले. "हे बघा, मी बोलतो जास्त, ते मान्य. पण खोटं बोललो नाही कधी. येता, त्या पुढच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसता, सांगता. दुकानातली ती चाकाची खुर्चीसुद्धा घेऊन येता. उभ्या म्हणून राहत नाही. मला वाटलं, दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील."

मास्तरांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"अंगावर तपकिरी शाल असते," काका आवाज जरा खाली आणून म्हणाले. "केस धुळीने पांढरे झालेले असतात. मी म्हणालोसुद्धा एकदा, ताई, डोक्याला काही बांधत चला, गिलाव्याची धूळ फार वाईट. तर हसलात."

तिच्याकडे तपकिरी शाल नव्हती. दुकानातल्या तिच्या स्टुलाला चाकं होती खरी, पण ते स्टूल घेऊन ती कशाला इथवर येईल! तिचा हात आपोआप केसांवर गेला. कुळकुळीत काळे होते ते, अलीकडेच रंगवलेले. मास्तर तिला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला ऊन लागलंय. सोमवारी ओटा फोडून नवा करायला सांगू. तू मनाला लावून घेऊ नकोस." रस्ताभर त्यांनी तिचा हात सोडला नाही.

सोमवारी तिने दुकानाच्या मालकांना दवाखान्याचं निमित्त सांगितलं आणि जेवणाच्या सुट्टीआधीच निघाली.

भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गवंडी समोरच्या झाडाखाली डबे उघडून बसले होते. एकाने तिला बघून मान हलवली, आणि मग काहीतरी चुकल्यासारखं पुन्हा वळून पाहिलं. घराचं दार उघडंच होतं. चपला काढायचं तिच्या डोक्यात आलं नाही. ती बोळात शिरली आणि पुढच्या खोलीतून काकांचा आवाज आला.

"मग खिडकीचा कट्टा किती खाली घेऊ?"

"एवढा घ्या, की बसून रस्ता दिसेल. भिंतीकडे माणूस किती वेळ बघणार, काका?"

आपला आवाज माणसाला आतून ऐकायची सवय असते. बाहेरून ऐकला की तो परका वाटतो. लेकीला पाठवलेले निरोप फोनवर चुकून परत वाजले की तिला नेहमी वाटायचं, ही कोण बाई इतकी ओढून बोलते! तोच आवाज होता. फक्त थकलेला. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्यातला दम संपत होता.

तिने भिंतीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पुढे जावं असं फार वाटलं. एवढीशी खोली, दाराला झडपही नव्हती, वाकून पाहिलं असतं तरी दिसलं असतं. पण पाय म्हणजे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे जागचे हलेनात. आत चाक करकरल्यासारखं झालं, मग काहीच नाही.

काका हातात टेप घेऊन बाहेर आले. समोर तिला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांनी मागे खोलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिच्या काळ्या केसांकडे जरा जास्तच वेळ.

"तुम्ही आत्ता आत..." एवढंच बोलून ते भिंतीला टेकले.

दोघं एकदमच आत गेली. खोली रिकामी होती. एक घमेलं, वाळूची पोती, खिडकीच्या जागी नुसतं चौकोनी भगदाड आणि त्यातून येणारा उन्हाचा पट्टा. जमिनीवर धुळीचा थर होता, त्यात काकांच्या चपलांचे ठसे. आणि दोन बारीक रेघा, शेजारी शेजारी, खिडकीपाशी सुरू झालेल्या. खोलीच्या मध्यापर्यंत सरळ येत होत्या आणि तिथे संपत होत्या.

काकांनी वाकून त्या रेघा बोटाने चाचपून पाहिल्या. मग म्हणाले, "ताई, मी हे काम सोडतो. आयुष्य पडक्या घरांत गेलं माझं. कुठे साप निघाला, कुठे भिंतीतून हाडं निघाली. पण ज्या बाईचं ऐकून मी काम करतो तीच बाई समोरून आत येते, हे माझ्याच्याने नाही व्हायचं."

तिलाही पळून जावंसं वाटत होतं. पण काका गेले तर हे सगळं आपल्या एकटीच्या डोक्यात राहील, याची तिला त्याहून जास्त भीती वाटली. तिने शेवटचं अस्त्र काढलं. "जा. पण गल्लीत सगळे म्हणतील, ओळंबेकाका काम अर्धवट टाकून पळाले."

काकांनी डोळे मोठे केले. खूप वेळ मिशीशी चाळा केला. "पळाले म्हणतील?"

"जाऊबाई तर नक्कीच म्हणतील."

काकांनी घमेल्यावर बसून घाम पुसला. ते जाणार नव्हते.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि सगळे विचार स्वतःभोवतीच फिरत राहिले. दांडा, उतार, रुंद दार, चाकं. अर्थ लावायला काही पंडित लागत नव्हता. आपण एक दिवस बसणार, ती मनात म्हणाली. बसणार ती उठणारच नाही. भीती वाटली, पण त्या भीतीला तळ होता. बसून जगणारी माणसं तिने दुकानात पाहिली होती. चष्मा निवडताना ती माणसंही आरशात बघून लाजायची. मास्तर असतील, ते उचलतील, ओरडतील, काहीतरी चमचमीत करून घालतील. होईल निभाव.

मग तिला ओटा आठवला.

सकाळी शाळेत जायच्या आधी मास्तर दिरांच्या अंगणात जोर काढत होते. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. दुखण्याच्या म्हणाव्यात अशा कुठल्याच खुणा नव्हत्या. माणूस घोड्यासारखा होता. तरी ती दुकानात जाताना वाट वाकडी करून घरी गेली.

"काका, त्या पुन्हा आल्या तर एक विचाराल?"

"मी?" काकांनी थापी खाली ठेवली. "तुम्हीच का नाही बसत इथे?"

"मी असले की त्या येणार नाहीत. आणि आल्या तर मला बघवणार नाही. नुसतं एवढंच विचारा, घरात अजून कोण असतं?"

त्यांनी कबूल केलं. पुढचे दिवस तिचे कसे गेले तिचं तिलाच माहीत. दुकानात एका बाईला तिने डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या डोळ्याला दिला. मास्तर रोज म्हणायचे, "ओटा फोडायचं बोललीस का काकांना?" ती रोज काहीतरी थाप मारायची. फरशीवाला आला नाही, दगड मिळत नाही, असलं काहीतरी.

शेवटी काका दुकानातच आले. ओळंबा खिशाबाहेर लोंबत होता, तो त्यांनी आत कोंबलाही नव्हता. ती त्यांना आतल्या काळोख्या खोलीत घेऊन गेली, जिथे डोळे तपासतात तिथे. अक्षरांच्या पाटीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"विचारलं," काका म्हणाले. "म्हटलं, ताई, घरात अजून कोण असतं? आधी ऐकलंच नाही असं वाटलं. मग त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. म्हणाल्या, 'दुसरं कुणी असतं तर ओटा एवढा खाली कशाला घ्यायला लावला असता, काका?'"

तिने खुर्चीचा हात धरला.

"अजून काही?"

"एकच. मी निघत होतो, तर म्हणाल्या, 'धडधाकट दिसत होते हो. म्हणून कुणी बघितलंच नाही.'"

त्या संध्याकाळी तिने मास्तरांना सांगितलं की उद्या शाळेत जायचं नाही, डॉक्टरांकडे जायचंय, सगळ्या तपासण्या करायच्या आहेत. मास्तर हसले. त्यांनी दंड फुगवून दाखवला. मग चिडले. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याने तुझ्या डोक्यात काय भरवलंय?" तिने वाद घातला नाही. नुसती जेवणाच्या ताटासमोर बसून रडायला लागली, आणि ते रडणं थांबेना. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मास्तरांनी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. जाऊबाईंनी पदराने डोळे पुसत मास्तरांना दटावलं, "भाऊजी, जाऊन या ना! सुई टोचतील एवढंच. एवढ्या मोठ्या देहाला काय होतंय!"

मास्तर गेले ते कुरकुरतच गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा वर-खाली केले, आणखी एक तपासणी करायला लावली, मग दार लोटून घेतलं. हृदयाकडे जाणारी मोठी नळी जवळजवळ बंद झालेली होती. "तुम्ही कशासाठी आलात?" त्यांनी विचारलं. "छातीत दुखलं होतं?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "हिला रडू येत होतं म्हणून आलो."

शस्त्रक्रिया ताबडतोब करायची ठरली. मास्तर हॉस्पिटलमध्ये असताना, दीर त्यांच्याजवळ बसले होते त्या वेळात, ती घरी गेली. काका खिडकीचा कट्टा घासत होते. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि त्या काळ्या सुरेख दगडावर तळहात आपटला.

"हा फोडा. रेघेवर ओटा करा. मास्तरांच्या मापाचा."

"आणि दांडा? उतार? दार?"

"ते राहू दे. माझं मी बघीन."

काका घुटमळले. "त्या विचारतील, ताई."

"विचारलं तर माझं नाव सांगा."

ओटा फोडताना ती तिथेच उभी होती. दगड सहज निघेना. काका म्हणाले, बसवला होताच मुळी तसा. शेवटी निघाला तेव्हा दोन तुकडे झाले आणि तिला एकाएकी वाईट वाटलं, जणू आपण कुणाच्या तोंडचा घास काढून घेत होतो. कुणाच्या, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

मास्तर वाचले. टाके सुकत होते, चिडचिड परत आली होती, म्हणजे माणूस ताळ्यावर होता. हॉस्पिटलमधलं जेवण जेवताना ते आचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. घरी यायचा दिवस ठरला त्याच्या आदल्या दुपारी ती नवं घर झाडायला गेली. काका पायरीवर बसले होते. काम संपलं होतं, हत्यारं बांधून ठेवलेली. पण ते तिची वाट बघत होते.

"आल्या होत्या," ते म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"ओट्यापाशी गेल्या. हात वर करून कडेला लावायला बघितला. बोटं तेवढी पोचली. मला म्हणाल्या, 'हा कुणी वर घेतला?' मी म्हटलं, 'तुम्हीच, ताई.' तर त्यांनी पुन्हा एकदा कड चाचपून बघितली. मग म्हणाल्या, 'मी? मी नव्हता घेतला.'"

"रागावल्या?"

"नाही." काकांनी ओळंब्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "म्हणाल्या, 'म्हणजे ते आहेत?' मी म्हटलं, 'आहेत की. उद्या घरी येताहेत.' तर त्यांनी शाल तोंडावर ओढून घेतली. खांदे हलत होते. मी पाणी आणायला गेलो. पेला घेऊन आलो तर..." त्यांनी हाताने रिकामं दाखवलं. "आज पहिल्यांदा मला भीती नाही वाटली, ताई. वाटलं, थांबायला हवं होतं जरा. पाणी तरी पिऊन जायला हवं होतं."

त्यानंतर काका कधी त्या घरात आले नाहीत. रस्त्यात भेटले की लांबूनच हात करायचे. लोकांना सांगताना मात्र म्हणायचे की गल्लीतलं सगळ्यात चांगलं घर आपण केलं.

तिचे पाय गेले ते पुष्कळ वर्षांनी, मणक्याच्या दुखण्याने, आणि हळूहळू. आधी दांडा लागला, मग खुर्ची. डॉक्टरांना नवल वाटलं की पेशंट एवढी शांत कशी. घरात सगळं आधीच तयार होतं ते बघून लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला कसं सुचलं हो हे?" मास्तर तिच्याकडे बघून म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टरने चुका केल्या, त्या पथ्यावर पडल्या." ते आता पांढरे झाले होते, जरा वाकलेही होते, पण ओट्याशी ताठ उभे राहायचे आणि तिथूनच तिच्याशी मोठमोठ्याने भांडायचे. आपल्या थंडीत वापरायच्या वस्तू आवरताना लेकीने तिला एक शाल आणून दिली. तपकिरी. तिने ती घडी न मोडता परत दिली, "रंग नाही आवडला," म्हणाली.

तिच्या मनातून मात्र ती बाई जात नव्हती. आपण ज्या वाटेने गेलो नाही त्या वाटेवर कुणीतरी बसून राहिलंय, असं तिला वाटायचं. मास्तर भांडी आदळत असले, फोडणीचा ठसका घरभर गेला, ते ओरडले की "मीठ बघ गं जरा," की तिला आनंदही व्हायचा आणि लाजही वाटायची.

मग ती दोघं लेकीकडे राहायला गेली आणि महिन्याभराने परत आली. शेजारच्या घरात नुकतीच राहायला आलेली मुलगी कुंपणाशी आली, हसली आणि म्हणाली, "काकू, परवा दुपारी तुम्ही खिडकीत होतात ना? मी हात केला, पण तुमचं लक्षच नव्हतं. आत बघत होतात, स्वयंपाकघराकडे. खूप वेळ."

मास्तर सामान उतरवत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. तिच्या अंगावर काटा आला. पण तो ओसरला आणि त्याच्या जागी काहीतरी वेगळंच आलं.

"हो," ती म्हणाली. "मीच होते. लक्ष नव्हतं माझं."

तेव्हापासून दोघं कुठेही बाहेर निघाली, अगदी दवाखान्यात जाऊन यायचं असलं तरी, ती मास्तरांना स्वयंपाकघरात रेडिओ चालू ठेवायला लावते. बातम्या असोत नाहीतर गप्पांचा कार्यक्रम, पुरुषमाणसाचा आवाज असला की झालं.

"चोरांना फसवायला?" मास्तर कुलूप लावता लावता दर वेळी विचारतात.

"हो," ती म्हणते, "तसंच समजा," आणि खुर्ची उताराकडे वळवते.